चेन अ‍ॅडजस्टर तुटला तर: रस्त्यावरची सोय आणि पक्की दुरुस्ती

मोटरसायकलची चेन टाइट करायला पाना लावला, नट जड फिरत होता आणि मग अचानक हलका झाला. अ‍ॅडजस्टरचा स्टड (आटे पाडलेली दांडी) तुटला की ते डोळ्यांआधी हाताला कळतं. मुंबईत हे पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर जास्त होतं. खारी हवा, साचलेलं पाणी आणि मागच्या चाकाने उडवलेला चिखल नेमका या दोन बोटांएवढ्या भागावर बसतो, आणि महिनोन्महिने तिथे कुणी तेलाचा थेंब सोडत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी हा भाग नेमकं काय काम करतो हे समजून घ्या, कारण जुगाड कसा करायचा हे त्यावरच ठरतं. मागच्या चाकाचा एक्सल (चाकाच्या मधला दांडा) चिमट्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, दोन्ही टोकांच्या लांब खाचेत पुढे-मागे सरकतो. १०० ते १६० सीसीच्या बहुतेक गाड्यांत एक्सल अ‍ॅडजस्टरच्या डोळ्यातून, म्हणजे भोकातून जातो. या डोळ्याला जोडलेला आटेवाला स्टड चिमट्याच्या टोकाच्या पत्रीतून मागे बाहेर निघतो. तिथला नट आवळला की एक्सल मागे ओढला जातो. अ‍ॅडजस्टर एक्सलची जागा ठरवतो. ती जागा धरून ठेवतो तो एक्सलचा मोठा नट, आणि एक्सल सरकू लागला तर अडवायला पुन्हा अ‍ॅडजस्टरच असतो.

किती जोर अडवायचा असतो याचा हिशेब करून पाहा. १०० सीसीच्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ८ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. पहिल्या गिअरमध्ये तो पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत (चेनच्या दातेरी चक्रापर्यंत) पोचेस्तोवर दहापटीहून जास्त होतो. १४ दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या सुमारे २८ मिमी. म्हणजे चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की चेन साधारण ३०० किलो वजनाएवढ्या जोराने एक्सलला पुढे ओढते. हा जोर जवळजवळ सगळा चेनच्या बाजूला, बहुतेक गाड्यांत डावीकडे येतो. उजव्या, ब्रेकच्या बाजूला त्याचा लहानसा वाटा जातो.

या एका गोष्टीवर पुढची सगळी दुरुस्ती उभी आहे: धड अ‍ॅडजस्टर चेनच्या बाजूला हवा, जुगाड ब्रेकच्या बाजूला. डावा तुटला असेल तर उजवा काढून डावीकडे लावा आणि तात्पुरती सोय उजवीकडे करा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही एकसारखेच असतात. नसले तरी उलटा फिरवून बसतो का, ते हातात धरून लगेच कळतं.

रस्त्यावर असाल तर

गाडी सपाट जागी घ्या, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. गिअर न्यूट्रलमध्ये हवा. सेंटर स्टँड नसेल तर स्विंगआर्मच्या खाली दगड किंवा विटा लावून चाक अधांतरी करा आणि पुढचा ब्रेक लिव्हर दोरीने बांधून टाका. इंजिन चालू ठेवून चाक फिरवू नका, कधीच. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडलेलं बोट तुटतं, आणि हे पाच-दहा सेकंदांच्या आळसापायी होतं.

एक्सलच्या नटाची कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुमडलेली पिन) असेल तर सरळ करून ओढून काढा. एक्सलचा नट सैल करा, पण काढू नका. पुष्कळ गाड्यांत चेनच्या बाजूला त्याच्या आत स्प्रॉकेटच्या ड्रमचा आणखी एक स्लीव्ह नट असतो. तोही सैल करावा लागतो, नाहीतर चाक एका बाजूनेच हलतं. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेक प्लेट धरणाऱ्या टॉर्क आर्मचा नटही थोडा सोडा. हे तीन न सोडता नुसता अ‍ॅडजस्टर आवळायला जाणं हेच स्टड तुटण्याचं मुख्य कारण आहे. एवढासा स्टड घट्ट आवळलेला एक्सल घर्षणावर मात करून ओढू पाहतो. गंजलेला नट त्याला पीळ देतो, आणि तो आट्यांच्या पहिल्या घाटीतच मोडतो.

आता डावा-उजवा बदल करायचा असेल तर एक्सल बाहेर काढावा लागतो. टायरखाली लाकूड सरकवून चाकाचं वजन पेललं की एक्सल हलक्या ठोक्याने निघतो. स्पेसर (बुश) कुठल्या बाजूला कोणता होता त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लांब आणि आखूड बुश उलटे बसले तर चाक चिमट्याच्या मधोमध येत नाही.

मागे ओढायला अ‍ॅडजस्टर नसलेल्या बाजूला पाचर वापरा. टायरच्या पुढच्या बाजूला, स्विंगआर्मची आडवी नळी आणि टायर यांच्यामध्ये लाकडाची पाचर ठोका. चाक मागे सरकत जातं. डावीकडचा चांगला अ‍ॅडजस्टर चेनचा ढिलेपणा ठरवतो, पाचर उजवी बाजू त्याला जुळवते. इथे एक सावधगिरी. चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये फडका अडकवून चाक ताणून धरायची मेकॅनिक लोकांची नेहमीची युक्ती आहे. त्याने एक्सल पुढे ओढला जाऊन अ‍ॅडजस्टरवर नीट टेकतो. दोन्ही अ‍ॅडजस्टर शाबूत असतात तेव्हा ती चांगली. एका बाजूला टेकायलाच काही नसेल तर तीच युक्ती चाक तिरकं करते, म्हणून आज ती नको.

यानंतर उजव्या खाचेत एक्सलच्या पुढे उरलेली रिकामी जागा भरायची. त्यासाठी लोखंडाचा गुटका लागतो. मुंबईत तो शोधायला फार फिरावं लागत नाही: खिडकीच्या ग्रिलसाठी वापरतात तो चौकोनी सळा १० किंवा १२ मिमीचा असतो, आणि ग्रिल बनवणारा प्रत्येक उपनगरात असतो. एक्सल जागेवर आला की खाचेचं पुढचं टोक ते एक्सल हे अंतर मोजा. तेवढ्याच लांबीचा तुकडा हॅक्सॉने कापा, कानशीने कडा मारा. खाचेचं टोक गोल असतं, म्हणून गुटक्याची पुढची बाजू गोल करा. एक्सलकडची बाजू थोडी खोलगट केली तर टेकू चांगला बसतो.

गुटक्याची जाडी चिमट्याच्या पट्टीपेक्षा किंचित कमी हवी, अर्धा मिमी पुरे. बाहेर डोकावणारा गुटका असला की एक्सलचा नट चिमट्यावर दाबून न बसता गुटक्यावर बसतो. मग नट कितीही आवळा, पकड शून्य, आणि काही किलोमीटरांत सगळं ढिलं. चिमटा पोकळ नळीचा असेल तर गुटका आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही भिंतींत टेकेल इतका रुंद घ्या. बाहेरून जाड वॉशर लावा म्हणजे तो निसटत नाही. शेवटी बाहेरून तार बांधा. ही तार फक्त गुटका पडू नये म्हणून आहे, जोर धरायला नाही.

तार, केबल टाय, एम-सील, अ‍ॅराल्डाइट हे अ‍ॅडजस्टरच्या जागी वापरलेलं दिसतं. यातलं काहीच ३०० किलोच्या ओढीला आणि खड्ड्यांच्या हादऱ्याला टिकत नाही. तार ताणून लांब होते, एम-सील भेगाळतो. आणि एक्सल चिमट्यालाच वेल्ड करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पुढच्या वेळी पंक्चर झालं की चाक निघणार नाही.

गुटका मिळालाच नाही तर? दोन्ही सांधणाऱ्या पृष्ठभागांवरचं तेल-ग्रीस फडक्याने कोरडं पुसा, एक्सलचा नट नीट आवळा आणि घरापर्यंत सावकाश जा. पकड घर्षणाची आहे. तेलकट पत्र्यावर ती निम्म्यावर येते.

एक्सल किती आवळायचा

१२ मिमीच्या एक्सलला साधारण ५० ते ६० न्यूटन मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क पाना नसेल तर हिशेब सोपा आहे: २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकावर २० किलोचा जोर म्हणजे सुमारे ५० न्यूटन मीटर. आपल्या हाताचा २० किलोचा जोर कसा असतो ते भाजीवाल्याच्या किंवा घरच्या वजनकाट्यावर एकदा दाबून पाहा, मग तो हाताला लक्षात राहतो. पान्यावर पाइप चढवून उड्या मारणाऱ्यांचे एक्सलचे आटे जातात, आणि एक्सल अ‍ॅडजस्टरच्या कित्येक पट महाग आहे.

सरळ आहे की नाही

चिमट्यावरच्या खुणांवर या वेळी भरवसा ठेवू नका. त्या खुणा अ‍ॅडजस्टरच्या पत्रीवरच्या रेषेशी जुळवायच्या असतात आणि एका बाजूची पत्रीच नाही. शिवाय स्वस्त पत्र्यांवरच्या खुणा मुळातच एखाद मिमी इकडे-तिकडे असतात.

खरं माप म्हणजे स्विंगआर्म ज्यावर वर-खाली हलतो त्या पिव्हट बोल्टच्या केंद्रापासून एक्सलच्या केंद्रापर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंना सारखं. उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो आणि टेप सरळ धरता येत नाही. चार मिमीची जाड तार घ्या, एक टोक काटकोनात वाकवून पिव्हट बोल्टच्या मध्यावर टेकवा, दुसरं टोक एक्सलच्या मध्यावर येईल असं वाकवा. हीच तार दुसऱ्या बाजूला लावा. फरक एक मिमीच्या आत आला की काम झालं. पडताळा म्हणून मागे उकिडवं बसून चेनच्या रेषेत एक डोळा मिटून बघा. स्प्रॉकेटपाशी चेन एका बाजूला झुकलेली दिसली, किंवा चाक हाताने फिरवताना दातांच्या एकाच बाजूला घासल्याचा चकचकीत पट्टा दिसला, तर अजून तिरकं आहे.

तिरक्या चाकाने चेन आणि स्प्रॉकेट लवकर झिजतात हे सगळे जाणतात. त्याहून गंभीर म्हणजे ढिली चेन उतरते, पुढच्या स्प्रॉकेटभोवती गोळा होते आणि क्रँककेसला (इंजिनाच्या कवचाला) तडा जातो, किंवा मागचं चाक जागीच लॉक होतं. सायन-पनवेल हायवेवर मागून डंपर येत असताना चाक लॉक होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

ढिलेपणा

वर-खाली २० ते ३० मिमी हा या वर्गातल्या गाड्यांचा नेहमीचा आकडा. गाडीच्या मॅन्युअलमधला किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवरचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. पूर्ण चेनकव्हर असेल तर तळाला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने चेन मध्यभागी वर-खाली करून मोजा. चाक थोडं-थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. झिजलेल्या चेनमध्ये काही भाग घट्ट, काही सैल असतो. माप सर्वांत घट्ट जागेवर जुळवायचं. सैल जागेवर जुळवलं तर घट्ट जागा आल्यावर चेन तारेसारखी ताणते, बेअरिंग आणि पुढच्या स्प्रॉकेटचं शाफ्ट भार खातं, आणि पुन्हा अ‍ॅडजस्टरवरच जोर येतो.

चाक मागे गेलं की ड्रम ब्रेकची सळई ताणली जाते आणि ब्रेक नकळत लागलेला राहतो. पायाच्या पेडलला २० ते ३० मिमी मोकळी चाल ठेवून सळईचा नट जुळवा, चाक हाताने मोकळं फिरतंय ना बघा, मागचा लाल दिवा तपासा. टॉर्क आर्मचा नट आवळून त्याची पिन परत लावा. हे विसरलं तर ब्रेक दाबल्यावर संपूर्ण ब्रेक प्लेट फिरते.

नवा अ‍ॅडजस्टर बनवून घेणं

आपल्या मॉडेलचा मिळत असेल तर बनवू नका, विकत घ्या. वस्तू स्वस्त आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ओळखीचा आहे. चोरबाजारात जुन्या गाड्यांचे वापरलेले भाग पाहायला मिळतात, फक्त आटे बोटाने नाही तर नट फिरवून तपासून घ्या. नट-बोल्ट, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), ड्रिलचे बिट यांसाठी मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट. बंद झालेल्या मॉडेलचा भाग सापडत नसेल तेव्हाच पुढचं.

तुटलेला तुकडा नमुना म्हणून जपा. ५ मिमी जाड, २५ मिमी रुंद माइल्ड स्टीलची पट्टी घ्या. एक्सलच्या व्यासापेक्षा ०.३ ते ०.५ मिमी मोठं भोक पाडा. १२ मिमीचं भोक एकदम पाडू नका. आधी ४, मग ८, मग शेवटचा बिट, नाहीतर भोक अंडाकृती होतं आणि एक्सल त्यात डुलतो. भोकाच्या कडेपासून पट्टीच्या कडेपर्यंत निदान ६ मिमी धातू शिल्लक राहिला पाहिजे. स्टड मूळ होता त्याच मापाचा घ्या, एम६ किंवा एम८ (६ किंवा ८ मिमी व्यासाचा), आणि बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेला बघा. बिननावाचा नरम बोल्ट पहिल्या आवळण्यातच लांबतो. मूळ स्टडपेक्षा १० मिमी लांब ठेवला तर चेकनट (पहिला नट सुटू नये म्हणून लावायचा दुसरा नट) लावायला जागा राहते.

बोल्टचं डोकं कापून उरलेली दांडी पट्टीच्या मध्यरेषेत, दोन्ही बाजूंनी वेल्ड करायची. वेल्डिंगपूर्वी तिथला जस्ताचा चकचकीत थर ग्राइंडरने काढा. जस्ताचा धूर विषारी असतो आणि सांध्यात बुडबुडे सोडतो. वेल्ड झाल्यावर तुकडा पाण्यात बुडवू नका. लवकर गार व्हावा म्हणून बादलीत टाकला की ८.८ चा बोल्ट वेल्डच्या कडेला ठिसूळ होतो आणि नेमका तिथेच तुटतो. हवेत, वेळ घेऊन गार होऊ द्या. वेल्डिंग नेहमी गाडीपासून दूर करा, टाकी आणि वायरिंग दोन्ही जवळ असतात. चिमट्यालाच वेल्डिंग करणं भाग पडलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्यांत इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) असतो, त्याचाही कनेक्टर सोडा.

गाडीवर चढवण्याआधी चाचणी: पट्टी वाइसमध्ये पकडा, स्टडवर जाड नळीचा तुकडा आणि वॉशर घालून नट आवळा. वेल्डच्या बाजूने केसासारखी चीर दिसते का ते चांगल्या उजेडात पाहा. चीर दिसली तर फेकून द्या, पुन्हा वेल्ड करू नका.

नुसते आटे गेले असतील तर

आधी नट बदलून बघा. बरेचदा स्टड ठीक असतो, नटाचेच आटे गेलेले असतात. स्टडच्या शेवटच्या भागाचे आटे चेपलेले असतील तर एम८ ला १.२५ मिमीच्या, एम६ ला १ मिमीच्या पिचची (दोन आट्यांमधल्या अंतराची) डाय, म्हणजे बाहेरचे आटे पाडायचं हत्यार, तेल लावून फिरवा. मधले काही आटे गेले असतील तर साध्या नटाऐवजी लांब कपलिंग नट लावा. तो चांगल्या आट्यांपर्यंत पोचतो.

काही गाड्यांत ओढणाऱ्या स्टडऐवजी चिमट्यात बसवलेला, एक्सलच्या ठोकळ्याला ढकलणारा बोल्ट असतो. तो आतच मोडला तर घाई करू नका. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. थोडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. त्या उष्णतेने गंज सुटतो आणि नटासकट बोल्ट फिरून बाहेर येतो. खोल मोडला असेल तर मध्यभागी सेंटर पंच, ३ मिमीचं भोक आणि मग एक्स्ट्रॅक्टर (मोडका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार). तोही फसला तर एम८ साठी ६.८ मिमीचं, एम६ साठी ५ मिमीचं भोक करून पुन्हा टॅप मारतात. चिमटा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर गॅस लावू नका, जास्त तापला की धातू मऊ पडतो. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून घ्या.

बुलेटसारख्या गाड्यांत गोगलगायीच्या आकाराचा कॅम असतो. तिथे दोन्ही बाजूंना सारख्याच क्रमांकाची खाच अडकवायची. खाच झिजली असेल तर तिथे जुगाड चालत नाही, कॅम बदला.

का तुटला, ते शोधा

नवा भाग बसवून गाडी तशीच चालवली तर तो पुन्हा तुटेल. चेन झिजली आहे का ते मोजा: ४२८ नंबरच्या चेनचा पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिमी, म्हणून ताणून धरलेल्या २० पिचची लांबी नवी असताना २५४ मिमी भरते. ती २५९ च्या पुढे गेली की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायची. अशी चेन अ‍ॅडजस्टरला खाचेच्या शेवटापर्यंत ढकलते, मग माणसं जोर लावून आणखी अर्धा फेरा काढू बघतात. एक कडी काढून चेन आखूड करण्याचाही उपयोग नाही. झिजलेल्या कड्या दातांवर चढून बसतात.

बसवताना स्टडच्या आट्यांना ग्रीस लावा, पण एक्सलच्या नटाखालचा आणि चिमट्याचा सांधा कोरडा ठेवा. दोन्हीकडे ग्रीस फासण्याची सवय इथे नडते. चेनला मात्र ९० नंबरचं गिअर ऑइल, जाड ग्रीस नाही. ग्रीस मुंबईची धूळ धरून ठेवतं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, पाण्यातून गाडी गेली तर त्याच दिवशी.

गुटक्यावर चालवायची वेळ आली तर वेग ४० च्या आत ठेवा. मागे माणूस बसवू नका, खड्ड्यात गाडी आदळू देऊ नका, हायवे टाळा. एक्सलचा नट आणि चिमटा यांच्यावर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढा. ५ किलोमीटरवर थांबून रेघ तुटली का बघा, ५० किलोमीटरवर पुन्हा. रेघ सरकली असेल तर नट आवळून पुढे जाऊ नका. पिव्हटपासूनचं अंतर आधी मोजा, कारण नट ढिला झाला म्हणजे चाकही हललेलं असतं.